तोंडी निरोप

भवानी पेठेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत सध्या पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे युरोप पसरला होता. बुखारेस्टपासून न्यूरेंबर्गपर्यंत पाच देशांतल्या गाड्यांची वेळापत्रकं छापून आणून फरशीवर कडेला कड लावून मांडली होती, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तांब्या, वरवंटा, अडकित्ता, जे हाताला लागलं ते ठेवलं होतं. मधोमध मांडी घालून सिद्धराम बंडगर लांबलचक रजिस्टरात आकडे उतरवत होता. रेल्वेत चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून काढलेला माणूस. दौंड आणि वाडीच्या पलीकडचं जग बघायची त्याला कधी हौस नव्हती.

हौस आताही नव्हती. त्याला मुलगा शोधायचा होता.

कुमार त्याचा एकुलता एक, वय सव्वीस. तीन वर्षांपूर्वी कुणा एजंटाच्या शब्दावर रोमानियाला गेला. बांधकामावरचं काम, राहायला खोली, वर्षातून एकदा सुट्टी, असं ठरलं होतं. ठरलेलं तेवढं सोडून बाकी सगळं झालं. एक मालक पळून गेला, दुसऱ्याने अर्धपोटी राबवलं, मग कुमार दोन-तीन पोरांबरोबर हंगेरीत सरकला. बुडापेस्टहून त्याने बापाला फोन केला, "अण्णा, हितं जमत न्हाय. परत येतो." तोवर इकडे सिद्धरामने न्हाव्याच्या दुकानापासून मारुतीच्या पारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगं युरोपात हाय. त्याला पेठेतली तोंडं दिसली. तो म्हणाला, "रिकाम्या हातानं आलास तर मला तोंड दाखवू नको."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असा हा बाप, आणि मुलगा अगदी बापावर गेलेला. त्याने तोंड दाखवलं नाही. त्याचा नंबरही बंद झाला.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं, मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेला आहे. परदेशातल्या आपल्या वकिलातीला मेल पाठवली, तिचं नम्र उत्तर आलं. नम्र उत्तराने पोट भरत नाही. कुमारबरोबर रोमानियात असलेला लातूरचा एक पोरगा तेवढा फोनवर सापडला. तो म्हणाला, "ते तिघं व्हिएन्नाला गेले काका, तिथनं प्राग, मग जर्मनी. न्यूरेंबर्गचं नाव घेत होते." या एका वाक्यावर सिद्धरामने सव्वीस दिवसांचा प्रवास रचायला घेतला होता. मुलगा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जायचं, प्रत्येक स्टेशनावर उतरायचं आणि फोटो दाखवत फिरायचं.

व्हिसाचं काम बघणारा अनिलकुमार त्याला म्हणाला होता, "काका, मुलगा हरवलाय असं चुकूनही लिहू नका. परत येणार नाही म्हणून नाकारतील. पर्यटन लिहा. आणि रोजचा कार्यक्रम द्या, कुठल्या दिवशी कुठे, कुठल्या गाडीने." मुलाखतीची तारीख पुढच्या गुरुवारची होती. म्हणून सिद्धरामपाशी दोन रजिस्टरं झाली होती. एका रजिस्टरात राजवाडे, पूल आणि संग्रहालयं होती. दुसऱ्यात त्याच गावांतले गुरुद्वारे, भारतीय किराणा दुकानं, मजूर जिथे उभे राहतात ते नाके आणि सरकारी दवाखाने. दवाखान्याच्या खाली प्रत्येक गावाला आणखी एक ओळ होती. ती लिहिताना त्याचा हात थांबायचा. मग तो दात आवळून लिहायचा, 'शवागार', आणि घाईघाईने पान उलटायचा.

अंबुबाई, त्याची बायको, हे सगळं दारातून बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण पान उलटण्याची घाई कळत होती.

नवराबायकोंत बोलणं कमी झालं होतं, आणि त्याला कारण एक गाव होतं. केम. अंबुबाईचं माहेर. सोलापूरहून पुण्याच्या वाटेवर दोन तासांचं स्टेशन. गेल्या वर्षी ती पंचमीला भावाकडे, धुळाकडे, गेली असताना तिच्या बटणाच्या फोनवर कुमारचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे कसली तरी घरघर होती. तिने तिथूनच नवऱ्याला कळवलं, "पोरगं केमला आलंय. अन्नांनी बोलवलं तर घरी येतो म्हनतंय. तुमी या की लगोलग." ती स्वतः पदर सावरत स्टेशनावर धावली.

सिद्धरामने काय करावं? तो म्हणाला, "केमपर्यंत येता आलं, तर सोलापूरपर्यंत गाडी हाय. मी न्यायला येनार न्हाय." दोन दिवस तो फुगून घरात बसला. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून गेला, तर फलाटावर बायको एकटी, उन्हाने काळवंडलेली. स्टेशनातल्या लोकांनी सांगितलं, असा कुणी पोरगा उतरलेला नाही. फोनवरचा नंबर आपल्याकडचाच दिसत होता, पण लावला तर असा नंबरच नाही म्हणून बाई सांगत होती. पुढे पोलिसांनी चौकशी करून कळवलं, कुमारचा पासपोर्ट भारतात परत आल्याची नोंदच नाही.

झालं. स्वतःच्या दोन दिवसांची लाज होती, ती सगळी सिद्धरामने बायकोच्या कानांवर काढली. रेल्वेत तोंडी निरोपावर गाडी हलत नाही, लेखी कागद लागतो. त्याने आयुष्यभर सिग्नलवाल्याला, स्टेशनमास्तरला, प्रत्यक्ष साहेबालाही 'लेखी द्या' असं सुनावलं होतं. तेच त्याने घरात आणलं. "लेखी हाय का काय? न्हाय ना? तुला काय बी ऐकू येतंय. ह्या घरात पुन्यांदा केमचं नाव काढायचं न्हाय." अंबुबाईने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. पंचमी पुन्हा दोन आठवड्यांवर आली होती.

बुधवारी सकाळी सिद्धरामने रजिस्टर पिशवीत घातलं. सात रस्त्याजवळ पद्मजाबाई जर्मन भाषेचे वर्ग घेत. सोलापुरातल्या नर्स झालेल्या मुली तिकडच्या दवाखान्यांत नोकरी धरतात, त्यांची तयारी त्या करून घेत. त्यांच्याकडून त्याला एकच वाक्य शिकायचं होतं आणि गावांची नावं तपासून घ्यायची होती. तो चपला घालतो तोच अंबुबाई मागे येऊन उभी राहिली.

"मी बी येते."

"तू तितं काय करनार?"

"बसंन."

वर्ग सुटला होता. पद्मजाबाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग फळ्यावर वाक्य लिहिलं आणि सावकाश म्हणून दाखवलं, "हाबन झी माइनन झोन गेझेन? म्हणजे, माझ्या मुलाला पाहिलंत का तुम्ही?"

मुलाला तिकडे झोन म्हणतात म्हणे. सिद्धरामला झोन एकच ठाऊक, मध्य रेल्वे. तरी त्याने ते वाक्य आठ-दहा वेळा घोकलं, आणि प्रत्येक वेळी झोनपाशी आल्यावर त्याचा आवाज फाटला. एकसष्टाव्या वर्षी पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा तो फळ्याकडे बघत होता. पद्मजाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि रजिस्टर जवळ ओढलं.

"बघू, गावं बघू. प्राग. तिथले लोक प्राहा म्हणतात. ड्रेस्डेन बरोबर. हे काय लिहिलंय, काका? चेमनिट्झ?"

"तितं नुसती गाडी बदलायची हाय, मॅडम. आट मिनिटं. उतरून काम न्हाय, म्हनून तितलं काय लिवलं न्हाय."

"ते असू द्या. पण कुणाला विचारायची वेळ आली तर चेमनिट्झ म्हणू नका, कुणालाच कळणार नाही. लिहितात सी-एच, पण तिथे तो क होतो. केमनिट्स."

अंबुबाई बाकाच्या टोकाला पदराशी चाळा करत बसली होती. तिचा हात थांबला.

"पुन्यांदा म्हना की, बाई."

"केमनिट्स."

"आनी एकदा."

"केम-निट्स. का हो?"

अंबुबाई उठून उभी राहिली. नवऱ्याकडे तिने बघितलंच नाही, ती पद्मजाबाईंनाच म्हणाली, "ह्येच. ह्येच म्हनला हुता माजा पोरगा. केम झालं, आनी मागनं कायतरी बारीक आलं, निटस का निटाला असं. मला वाटलं, केमच्या नीट हाय म्हनतोय, म्हंजे जवळ. मी माहेरी हुते की तवा. मला दुसरं काय वाटनार?"

सिद्धराम रजिस्टरातल्या त्या ओळीकडे बघत राहिला. चेमनिट्झ, आठ मिनिटं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याने स्वतःच्या हाताने, लेखी, ते गाव लिहिलं होतं आणि वाचलं मात्र चुकीचं होतं. वाचता न येणाऱ्या बाईने ते वर्षभरापूर्वी बरोबर ऐकलं होतं. आठ मिनिटांत तो या गाडीतून उतरून त्या गाडीत चढला असता आणि मुलाला शोधायला पुढे निघून गेला असता.

"अंबू," तो म्हणाला. त्याने लाजेने खाली बघत पेन काढलं आणि चेमनिट्झ खोडून केमनिट्स लिहिलं.

पद्मजाबाई कामाच्या बाई. त्यांनी रडायला वेळ दिला नाही. त्यांची देवयानी नावाची जुनी विद्यार्थिनी त्या गावापासून तासाभरावर नर्स होती. "तिला रविवारी सुट्टी असते. कुमारचा फोटो पाठवा, मी आत्ता तिला टाकते. तिथे आपली पुष्कळ मुलं शिकायला आहेत, किराणा दुकान आहे. एवढंसं गाव, कुणी तरी ओळखेलच."

रविवार यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत सिद्धरामने पाच देश एका झटक्यात गुंडाळले. राजवाडे गेले, पूल गेले, शवागाराच्या ओळी असलेली पानं त्याने फाडून चुलीत घातली. नव्या पानावर एकच गाव होतं. अनिलकुमारला त्याने फोन करून सांगितलं, "एकच देश ठेवायचा. जायचं, पोराला घ्यायचं, यायचं." अनिलकुमार म्हणाला, "काका, सात दिवसांत एकच गाव बघणारा पर्यटक म्हणजे त्यांना संशय येईल." सिद्धराम म्हणाला, "येऊ दे." अंबुबाईने शेंगाचटणी कुटली, कडक भाकऱ्या केल्या. त्या इतक्या दिवस टिकतील का, हे तिला कुणी विचारलं नाही. भाकरी थापताना ती गावाचं नाव पुटपुटायची, केमनिट्स, केमनिट्स, आणि सिद्धराम बाहेरून ते ऐकायचा. घरात केमचं नाव पुन्हा निघायला लागलं होतं, पण कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा दोघं एका वेळी जेवायला बसली.

सोमवारी सकाळी पद्मजाबाईंनी बोलावलं.

"जिवंत आहे," त्या आधी तेच म्हणाल्या. "निदान तिथून गेला तेव्हा धडधाकट होता. ऐका." आणि त्यांनी देवयानीचा आवाज लावला.

"मॅडम, कुमार इथेच होता. मी त्याच्या खोलीवर जाऊन आले, पाच जण राहतात एका खोलीत. हॉटेलांच्या चादरी धुतात ना, त्या लाँड्रीत होता तो. पण गेला, मॅडम. मागच्या दिवाळीनंतर चार-पाच दिवसांनी. कुठे ते नक्की कुणालाच माहीत नाही. एक जण म्हणतो पोर्तुगाल, तिथे राहायचे कागद होतात म्हणून. दुसरा म्हणतो इटली. नंबर कुणाकडे नाही. त्याचा रूममेट आहे, नांदेडचा, त्याच्या फोनवरून कुमारने घरी एकदा फोन केला होता म्हणे, स्वस्तातल्या इंटरनेट कॉलने, त्यात समोर भलताच नंबर दिसतो. तो सांगत होता, की मग रोज कामावरून आला की कुमार विचारायचा, माझ्या घरून काही आलं का? वडील बोलावणार आहेत म्हणायचा. तीन महिने विचारत होता, मग विचारायचं बंद केलं आणि एक दिवस बॅग घेऊन स्टेशनावर गेला."

सिद्धरामने आवाज पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदाही त्यात तेच होतं.

सोलापूरच्या पोराने चादरी धुवायला पाच देश ओलांडावेत, एरवी पेठेत यावर आठवडाभर हसणं झालं असतं. सिद्धराम सरळ घरी आला. फरशीवर अजून वेळापत्रकं होती. केमनिट्सवरून दोन्हीकडे गाड्या जात होत्या. पोर्तुगालला जायचं तर जर्मनी, फ्रान्स, स्पेन ओलांडायचे. इटलीला जायचं तर ऑस्ट्रियातून खाली उतरायचं. पाचाचा एक झालेला, त्या एकाचे आता सहा झाले, आणि आठ-नऊ महिन्यांपूर्वीची गाडी पकडायची होती. मुलाखत तीन दिवसांवर आली होती. कुठल्या देशाचं नाव लिहायचं तेच त्याला कळत नव्हतं. एकदा त्याने पेन उचललं आणि पोर्तुगाल लिहिलं. मग खोडलं. मग डोकं गच्च धरून तो ओरडला, "कुटं शोदू रं तुला? कुटं शोदू?"

अंबुबाई आतून पाणी घेऊन आली. त्याने तांब्या घेतला नाही. तिचा हात धरून तिला समोर खाली बसवलं. त्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"अंबू, त्या दिशी फोनवर पोरगा काय काय बोलला, ते सगळं सांग. पयल्यापासनं. मी मदी बोलनार न्हाय. तू सांगशील ते लिवून घेतो. त्येच्यात कुटं जानार त्येचा कायतरी माग असंल."

अंबुबाई पदर सावरून बसली. मग डोळे मिटून, देवापुढे म्हणावं तसं, ती सांगू लागली. एक शब्द मागेपुढे नाही. वर्षभर तिने ते रोज म्हटलं असणार.

"पंचमीचा दिस. मी धुळाच्या दारात बसले हुते. फोन वाजला. 'आई, मी कुमार.' मला रडू आलं तर म्हनला, 'रडू नको, दुसऱ्याचा फोन हाय, ऐकून घे. मी केमनिटसला हाय.' मी म्हनलं, 'जेवतोस का रं?' म्हनला, 'जेवतो.' म्हनला, 'हितं मशिनीत चादरी धुतो. वाफंनं हात सोलपटल्यात, पर बरं हाय.' मग म्हनला, 'अन्नांचा राग गेला का?' मी म्हनलं, गेला."

सिद्धरामचं पेन चालत होतं.

"खोटंच म्हनलं मी. तर म्हनला, 'मग त्यांना सांग, त्यांनी बोलवलं तर मी येतो. आपल्या मनानं यायचा न्हाय. ह्या नंबरावर फोन करा.' म्हनला, 'हितलं काम दिवाळीपतुर हाय. दिवाळीपतुर मी वाट बगतो. त्येच्या फुडं हितं ऱ्हायचा न्हाय.' मग घरघर आली आनी आवाज गेला."

पेन थांबलं.

"दिवाळीपतुर?"

"व्हय. म्हनून तर मी दर बेस्तरवारी केमला जात हुते की. तुमाला वाटायचं, भावाकडं जाती. गाड्या येऊन जाईपतुर फलाटावर बसायची. लक्ष्मीपूजनादिशी बी जाऊन बसले हुते. मग ऱ्हायलं."

"अगं, केममदी कसली आली चादरी धुवायची मशीन?" सिद्धरामचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "एवढंच ऐकलं असतं तरी मला कळलं असतं, की ह्ये आपलं केम न्हवं. तीन महिनं हुते हातात, अंबू. पोरगं तितंच हुतं. मग मला ह्ये सांगितलं का न्हाईस तू?"

अंबुबाईने डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"केमचं नाव काढायचं न्हाय म्हनला हुतात की," ती म्हणाली.